वर्ष भरेपर्यंत

१२ नोव्हेंबर

आज डुकराची अख्खी मांडी एकटीने हाडापासून सोडवली. नेट्टी शेजारी हाताची घडी घालून उभी होती. दुकान तिचं, मांस तिचं, त्यामुळे तोंड सोडायला तिला कारण लागत नाही. पण आज चकार शब्द काढला नाही. सगळं झाल्यावर हाड उचलून उजेडात फिरवलं आणि म्हणाली, "हाडाला एवढं मांस ठेवलंस तर गावातली कुत्री तुला दुवा देतील. पण ठीक आहे." नेट्टीचं 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्या कुणी हारतुरे घातल्यासारखं. मी मान खाली घालून हसले.

ही वही दुकानातल्या माझ्या कपाटात, ॲप्रनखाली राहणार. जेवणाच्या सुट्टीत लिहीन. घरी नेली तर माझा नवरा तेगबीर वाचेल. माझा फोन तो रोज बघतोच, वहीला कसा सोडेल?

लिहावंसं वाटलं, कारण हे कुणाला सांगता येत नाही. पंजाबात बर्नाल्याजवळच्या आमच्या घरात मी कधी अंडं फोडलेलं पाहिलं नव्हतं. सासर तर त्याहून कडक. आणि मी इथे कॅनडात, ब्रँडनमध्ये, दिवसभर डुकरं आणि गाई कापते. पहिल्या दिवशी मागच्या दारी बर्फात जाऊन ओकले होते. आता सुरी लावायच्या आधी मनात वाहेगुरू म्हणते आणि कापते. सासूबाईंना, म्हणजे मम्मीजींना, वाटतं मी बेकरीत केक विकते. एकदा व्हिडिओवर म्हणाल्या, "एवढे केक विकतेस, एखादा माझ्या तेगीला का नाही आणत?" त्या रविवारी खरंच केक आणून त्यांच्यासमोर कापावा लागला.

खाटीक झाले ती हौस म्हणून नाही. इथलं कॉलेज संपल्यावर पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर बसले. वर्ष उलटून गेल्यावर कळलं की गल्ल्यावरचं काम सरकार धरतच नाही. कायमचं राहायचं तर कुशल कामाचं एक पूर्ण वर्ष लागतं. कुशल कामांच्या यादीत खाटीक बसतो, गल्लेवाली बसत नाही. ब्रँडनमधल्या एकाच खाटिकाला माणूस हवं होतं, ती नेट्टी. माझं वर्ष मार्चअखेर भरेल, कामाचा परवाना मेअखेर संपेल. मधले दोन महिने अर्जाला. नेट्टीने शेवटी लिहून द्यायचं की हिने माझ्याकडे वर्षभर हे हे काम केलं. म्हणून तिच्या शिव्या मी प्रसादासारख्या खाते.

१९ नोव्हेंबर

परवा तेगबीरने मारलं. जेवताना मी म्हणाले की इंग्रजीचा अभ्यास रोज थोडा तरी कर, परीक्षा जवळ आली. एवढंच. त्याचं इंग्रजी हे घरातलं दुखरं गळू आहे, मला कळायला हवं होतं.

एक मात्र आहे. तो तोंडावर मारत नाही. मला गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं असतं, कुणी काही विचारलं आणि नोकरी गेली तर माझं वर्ष बुडेल आणि माझ्याबरोबर त्याचंही. म्हणून पाठ, दंड, मांड्या. रागातसुद्धा एवढा विचार करतो म्हणजे माणूस अगदीच आंधळा होत नाही. मला हे बरं लक्षण वाटतं.

मारतो तेव्हा हातातलं कडं लागतं. त्याची कोर चंद्रासारखी उमटते. गुरूने कडं दिलं ते हात आवरायची आठवण राहावी म्हणून. ह्याला बाकी सगळं पाठ आहे, तेवढंच राहिलं.

आमचं लग्न कसं जमलं ते इथल्या माणसांना सांगितलं तर खोटं वाटेल. माझे इंग्रजीच्या परीक्षेत चांगले बँड, म्हणजे गुण, आले आणि त्याच महिन्यात दारात तीन स्थळं. बँडवाल्या मुलीला आमच्याकडे नवरा शोधावा लागत नाही. मुलाकडचे फी भरतात, मुलगी शिकायला जाते, मागून नवऱ्याला बोलावते, पुढे दोघं कायमचे होतात. निम्मं गाव असंच बाहेर पडलंय. आमच्या शेजारच्या गावची एक मुलगी मात्र टोरांटोला उतरली आणि तिने नवऱ्याचा फोन उचलणंच बंद केलं. त्या मुलाने विष घेतलं. तेव्हापासून प्रत्येक सासूला आपल्या सुनेत तीच मुलगी दिसते. तेगबीरलाही दिसते. मी तशी नाही हे पटवण्यात माझा अर्धा जन्म चाललाय.

२७ नोव्हेंबर

नेट्टीचं आणि माझं काही जमेल असं वाटत नाही. आज शीतघरातून बाहेर आले तर म्हणते, "उन्हाळाभर लांब बाह्या घातल्यास. मांसाला धुरी द्यायच्या भट्टीजवळ काम करतानासुद्धा." मी म्हटलं, आमच्यात तशी पद्धत आहे. "आणि तो गाडीत बसून काचेतून बघत असतो, तीपण पद्धत?" मी म्हटलं, नवरा आहे, न्यायला येतो. तिने नाक उडवलं.

मग कामाच्या वेळा बदलल्या. आता मला पहाटे बोलावते, म्हणजे सुटते तेव्हा तेगबीर गोदामात कामावर असतो आणि मला थंडीत बसने जावं लागतं. वर हुकूम काय, तर दुकानाच्या माळ्यावर बटाट्यांची पोती आहेत ती खोली साफ कर. तिथे एक पलंगपण निघाला. "त्याच्यावर धुतलेली चादर घाल," म्हणे, "आणि दाराला कडी बसव. आतून." पोत्यांना आतून कडी कशाला! पण बसवली. खाटीक झाले, सुतार झाले, झाडूवाली झाले. कागद हवा असेल तर माणसाने काय काय व्हावं.

तिच्या डाव्या करंगळीचं पुढचं पेर नाही. करवतीत गेलं का म्हणून विचारलं. "दारात," एवढंच म्हणाली. जन्म सुऱ्यांत गेला आणि बोट दारात घालवलं!

५ डिसेंबर

आज सकाळी दोघं मॉलमधल्या सल्लागाराकडे गेलो, ढिल्लोंसाहेबांकडे. त्यांच्या संगणकावर आकडे टाकले की किती गुण होतात ते लगेच दिसतं. माझं वय, शिक्षण, इंग्रजी, खाटीककामाचं वर्ष धरलं, नवरा सोबत धरला. गुण कमी पडले. ढिल्लोंसाहेबांनी पुन्हा काहीतरी दाबलं. गुण पुरून उरले.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"तेगबीरला काढला," ते म्हणाले, हसत. "नवरा सोबत असला की त्याचं इंग्रजी मोजतात. वाईट वाटून घेऊ नका काकाजी, पण तुम्ही आहात तिथपर्यंत ह्या वरती जात नाहीत. एक तर बँड आणा, नाहीतर ह्यांना एकट्यांना अर्ज करू द्या. मागून तुम्हाला बोलावतील."

तेगबीर सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला काकाजी म्हणाले, आमच्यात लहान पोराला म्हणतात तसं. मला दुकानावर सोडून तो सरळ गोदामात कामाला गेला. मला वाटलं, समजून घेतलं.

७ डिसेंबर

समजून घेतलं नव्हतं. परवा रात्री कामावरून आला, घरात शिरल्याशिरल्या दार लावलं आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. "मागून बोलावशील? बोलावशील मागून?" प्रत्येक प्रश्नाला एकदा. मी हो हो म्हणत होते. नंतर पट्टा काढला. मी पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरले, तिथे पट्टा नीट फिरवता येत नाही. हे मला आता कळायला लागलंय, घरात कुठल्या जागी मार कमी बसतो.

काल सुट्टी घ्यावी का असं वाटलं. पण न भरलेला दिवस वर्षात धरत नाहीत. गेले. उभ्याने कापलं, उभ्यानेच जेवले. नेट्टीने जेवणाच्या टेबलाशी स्टूल ओढून दिलं, मी नको म्हटलं, तिने स्टूल तिथेच ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली. कामात कुचराई करते असं तिला वाटत असणार.

२२ डिसेंबर

नेट्टीने आज खांद्याचा सांधा शिकवला. मी हाडावर सुरी घासत बसले होते तर ओरडली, "हाडाशी भांडू नकोस! हाड जिंकणार. बोटाने चाचप, सांधा कुठे आहे ते जनावरच सांगेल. टोक घाल, मनगट वळव." घातलं, वळवलं. फरा आपसूक हातात आला. जोर लागला नाही. मी तीन खांदे सोडवले, चौथा मागून घेतला.

घरी तेगबीर पराठा तोडत होता. बाही कोपरापर्यंत वर होती. टोक कुठे घालायचं ते मला दिसलं. इतकं स्वच्छ दिसलं की मी दही आणायला उठले.

१० जानेवारी

परीक्षेत चौथ्यांदा नापास. निकाल आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि मम्मीजी व्हिडिओवर होत्या, फोन डब्याला टेकवून ठेवला होता. त्याने तापलेला तवा माझ्यावर भिरकावला. चुकला, भिंतीला लागला. मग आला.

मी लाटणं त्याच्या गुडघ्यावर घातलं. पहिल्यांदा. तो खाली बसला, कळवळला, आणि मला काय वाटलं ते खरं लिहिते: बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. मी दुसऱ्यांदा घातलं, पाठीवर. तिसऱ्यांदा त्याने लाटणं पकडलं, मला जमिनीवर पाडलं आणि गळा आवळला. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले.

वाचले ते मम्मीजींमुळे. फोनमधून ओरडल्या, "तेगी! हात काढ! तिचे कागद होऊ देत, मग काय ते कर!" त्याने हात काढला. लग्न झाल्यापासून मम्मीजींनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली. कशीही असली तरी आई आहे.

गळ्यावर बोटं उठली आहेत. रुमाल बांधून आले. नेट्टी म्हणाली, "खोकला?" मी हो म्हटलं. तिने माळ्याच्या खोलीची किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिळ्याला अडकवली. बटाटे आणायला मीच सापडते.

२५ जानेवारी

मी त्याला शांतपणे सांगून बघितलं. ढिल्लोंसाहेब म्हणाले तसं करू, मी आधी, तू मागून, वाहेगुरूची शपथ. तो म्हणाला, "त्या मुलीनेही शपथच घेतली होती." मग म्हणाला, "एकटीने अर्ज केलास तर तुझ्या बापाच्या घरी काय होईल ते माझा ताया बघेल." ताया म्हणजे त्याचे थोरले काका. गावात त्यांच्या अंगणातून जाताना माणसं चप्पल हातात घेतात. मी अर्जाचं नाव काढणं सोडलं. पापा साठीचे आहेत आणि हरमन माझा एकुलता भाऊ.

२ फेब्रुवारी

आज सगळं नीट लिहून ठेवते.

मी काहीही केलं नव्हतं. अर्ज केला नव्हता, करते म्हटलं नव्हतं. तेगबीरने नुसता संशय घरी कळवला. काल त्याचा ताया आणि दोन चुलतभाऊ हॉकीच्या काठ्या घेऊन आमच्या घरी गेले. हरमनला अंगणात पाडून मारलं. हात मोडला, बरगड्या मोडल्या. पापा आडवे पडायला गेले तर त्यांची पगडी उडवली आणि पायाने नालीत ढकलली.

आणि हे सगळं त्यांनी स्वतःच फोनवर टिपलं. ताया मध्ये थांबून फोनकडे बघून म्हणतात, "मुलगी कॅनडात बसून नखरे करते, तिला हे पोचवा." दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलंय. तेगबीरने मला दाखवलं, आवाज मोठा करून. मी हरमनचं ओरडणं ऐकलं. लहानपणी विंचू चावला तेव्हा तो असा ओरडला होता.

मी शेवटपर्यंत बघितलं. बघून झाल्यावर फोन त्याच्या हातात दिला आणि पोळ्या केल्या.

७ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

४ तारखेला मला न्यायला आला होता, मुद्दाम सुट्टी टाकून. मी पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "मी एकटीने अर्ज करणार आहे. आणि मागून बोलावणार नाही."

"तायाला फोन लावू?"

"लाव. अजून काय करतील? मारून झालं, पगडी उडवून झाली. एवढ्यासाठीच घाबरत होते मी. आता तुझ्याकडे काही राहिलं नाही, तेगी."

असं म्हणून मी उतरायला लागले. उजवा हात गाडीच्या दाराच्या चौकटीवर होता. तो पलीकडून फिरून आला आणि त्याने दार लोटलं. मग उघडलं आणि पुन्हा लोटलं. दुसऱ्यांदा लोटताना माझ्याकडे बघत होता.

ओरडले की नाही आठवत नाही. नेट्टी बर्फ ओढायचं फावडं घेऊन मागच्या दारातून धावत आली. पासष्ट वर्षांची बाई, अंगात ॲप्रन, त्या थंडीत डोक्याला काही नाही. तिने फावडं आडवं फिरवलं आणि ते त्याच्या नाकावर बसलं. तो बर्फात पडला. ती त्याच्या छातीवर फावडं रोवून उभी राहिली आणि पोलीस येईपर्यंत शिव्या घालत होती. तिच्या आजोळच्या भाषेत असाव्यात, मला एकही कळली नाही.

तीन बोटं मोडली आहेत. डॉक्टर म्हणाला, सुरी धरायचं नाव काढू नका.

१५ फेब्रुवारी

माळ्याच्या खोलीत राहते. चादर मीच घातली होती, कडी मीच बसवली होती. आतून. पहिल्या रात्री ती लावली तेव्हा कळलं, आणि मग तोंडावर उशी दाबून रडले. एवढी कशी मूर्ख मी?

तेगबीर जामिनावर आहे. मला भेटायचं नाही, दुकानाजवळ यायचं नाही, असं कोर्टाने बजावलंय. कुठल्याशा मित्राच्या तळघरात राहतो.

आजारपणाचे दिवस वर्षात धरत नाहीत. हाताचं प्लास्टर निघेपर्यंत बसले तर परवाना संपेल आणि वर्ष अर्धवट राहील. नेट्टीला सांगितलं. ती म्हणाली, "मग रडतेस काय? डावा हात आहे ना?"

६ मार्च

ह्या आठवड्यापासून डाव्या हाताने कापते. बुडालेले दिवस धरून वर्ष आता मेच्या सुरुवातीला भरेल. हाताला पोलादी जाळीचा मोजा, उजवं प्लास्टर मांसावर दाबून धरायला. तुकडे वेडेवाकडे पडतात. एका गिऱ्हाइकाने बरगड्यांचं पुडकं परत आणलं, म्हणाला, हे कुणी चावून तोडलंय का? नेट्टी म्हणाली, "हो, मी. अजून हवंय?" तो पुडकं घेऊन गेला.

घरून फोन. आई रडते, म्हणते मिटवून टाक, पंचायतीतली माणसं रोज येऊन बसतात. तायांना आणि दोन्ही चुलतभावांना उचललं. ठाणेदाराला पुरावा शोधायला जावंच लागलं नाही. व्हिडिओ ह्यांनीच काढला, ह्यांनीच वाटला, वर हसऱ्या बाहुल्या लावल्या होत्या. सूनबाईला धाक बसावा म्हणून बायकांनी ते माहेरच्यांच्याही गटात टाकलं होतं. असली हुशारी आमच्याकडेच सापडते.

मग पापांनी फोन घेतला. "पगडी पुन्हा बांधली," म्हणाले. "तू तिकडे काय ते पुरं कर." एवढंच. हरमन बोलला नाही. त्याला माझा राग आला असेल तर येऊ दे, हात त्याचा मोडलाय.

मम्मीजींचाही आला. पाच मिनिटं शिव्या, मग पाच मिनिटं रडणं. "तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं? तो परत आला तर दारात माणसं हसतील. त्याला सोबत घे, मग हवं तर सोड." मी फोन ठेवला. 'तिचे कागद होऊ देत' त्या दिवशी का म्हणाल्या, ते मला आज फोन ठेवल्यावर समजलं. मी त्यांना आई म्हणून लिहिलंय ह्या वहीत. ते पान फाडणार होते, पण राहू दे.

१४ एप्रिल

आज बैसाखी. गुरुद्वारात जायचं होतं, गेले नाही, दिवस बुडला असता.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. नेट्टी पुढे गल्ल्यावर होती, मी मागच्या खोलीत डाव्या हाताने फरा सोडवत होते. माल उतरवायला मागचं दार उघडं ठेवलं होतं. तेगबीर आत आला. नाकावर फावड्याची गाठ अजून आहे.

"रूप, ओरडू नकोस. बोलायचंय फक्त."

"निघ."

"तक्रार मागे घे. मला परत पाठवतील ते. गावात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा."

तो ओल्या फरशीवर बसला आणि रडायला लागला. खरं रडत होता. ताया तुरुंगात, आई अन्न घेत नाही, मित्र तळघरातून जा म्हणतो. "मला एक परीक्षा पास होता येत नाही, त्यात माझा काय दोष? तुला येतं म्हणून तू मोठी?" मला त्याची दया आली, हे लिहून ठेवते. लग्नात तो माझ्याकडे बघून लाजला होता ते आठवलं. मी म्हणाले, "तेगी, ऊठ. जा. कुणी बघायच्या आत जा."

तो उठला आणि त्याने माझी वेणी धरली.

मुठीला एक वेढा दिला, डोकं मागे ओढून कापायच्या टेबलावर दाबलं. दुसऱ्या हाताचं कडं गळ्यावर. "डावापण मोडतो. मग बघू कुठलं वर्ष भरतेस."

माझ्या डाव्या हातात सुरी होती. तिचं टोक त्याच्या काखेत गेलं. मी शोधलं नाही, आपसूक गेलं. जाकीट फाटलं, सदरा फाटला, टोक कातडीला लागलं आणि तो थांबला. वेणी सोडली नाही, पण श्वास थांबला. आम्ही तसेच. टोकाखाली त्याची नाडी उडत होती. मला माहीत होतं, एवढंसं आत, मनगट वळवलं की हा हात परत कुणावर उठणार नाही. आणखी थोडं आत गेलं तर तोच उठणार नाही. माझा हात अजिबात थरथरत नव्हता. मला आनंद होत होता. लाटण्याच्या वेळी झाला होता त्याहून मोठा.

मग आठवलं, वर्ष भरायला तीन आठवडे आहेत. माझ्यावर गुन्हा आला की अर्ज संपला. डाव्या हाताने कापलेलं सगळं पाण्यात, आणि परतीच्या विमानात, तो जगलाच तर, त्याच्या शेजारची खुर्ची माझी.

मी म्हणाले, "तीन आठवडे राहिलेत म्हणून जिवंत आहेस. वेणी सोड."

त्याने सोडली. नेट्टी दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने त्याला कॉलर धरून शीतघरात लोटलं, दार ओढलं आणि कडीत मांस टांगायचा आकडा अडकवला. पोलीस आले तेव्हा तो टांगलेल्या डुकरांच्या मध्ये उकिडवा बसला होता, दात वाजत होते. सदऱ्यावर काखेत रुपयाएवढा रक्ताचा डाग. पोलिसाने मला विचारलं. नेट्टी म्हणाली, "आकड्याला लागला. बघा ना, सगळीकडे आकडे आहेत."

पोलीसबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, एवढं सगळं होऊन स्वतःला आवरलंत, मोठं मन आहे. मी मान हलवली. मनाचा काही संबंध नव्हता.

७ मे

वर्ष भरलं.

काल भरलं खरं तर, पण काल डोळा उघडत नव्हता इतकी थकले होते. नेट्टीने पत्र दिलं. हिने माझ्याकडे वर्षभर खाटीककाम केलं, जनावर सोडवणं, सांधे, बरगड्या, धार लावणं, सगळं नीट लिहिलंय. खाली एक वाक्य स्वतःच्या अक्षरात: दोन्ही हातांनी. ढिल्लोंसाहेबांनी नवऱ्याच्या जागी 'विभक्त' भरलं, दाबलं, आणि गुण पुरून उरले. परवाना संपायच्या आत अर्ज जाईल. ते म्हणाले, "आता निश्चिंत झोपा, बीबीजी."

तेगबीर आत आहे. जुलैत खटल्याचा निकाल लागेल, मग त्याला पाठवायचं की नाही ते ठरेल. तोपर्यंत पुन्हा जामीन झाला तर तो ह्याच गावात असेल.

संध्याकाळी दुकान बंद करताना नेट्टीने मला एक लांबट पुडकं दिलं. हाड सोडवायची सुरी, नवी कोरी, लाकडी मूठ, मुठीवर माझं नाव कोरलेलं. वर्ष काढलेल्या माणसाला खाटीक स्वतःची सुरी देतात म्हणे. "ही दुकानाची नाही. तुझी. घरी ने," ती म्हणाली.

मी ती हातात धरून बघितली. डाव्या हातात अशी बसली की जणू तिथेच उगवली. इतके दिवस रोज सकाळी मी मोजत होते, अजून किती राहिले, अजून किती. आज मोजायला काही नव्हतं. उद्या तो दारात आला, वेणी धरली, तर मी काय आठवू?

सुरी परत पुडक्यात बांधली. "इथेच राहू दे," मी म्हणाले. "सकाळी खाली येऊन घेईन, संध्याकाळी ठेवून वर जाईन. कुलपात ठेवा. किल्ली मला देऊ नका."

मला वाटलं, का म्हणून विचारेल. तिने स्वतःचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर एक दुसरी सुरी होती, जुन्या पिठाच्या पिशवीच्या कापडात गुंडाळलेली, मूठ काळी पडलेली. माझी सुरी तिने तिच्या शेजारी ठेवली.

"ती कुणाची?" मी विचारलं.

"माझी," नेट्टी म्हणाली. "मीपण घरी नेत नाही."

आणि कुलूप लावून किल्ली खिशात घातली.